नऊ नावांच्या हजेरीतली रजा

मुकेशभाईंनी सोमवारी सकाळी सगळ्या बायकांना कारखान्याच्या ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं की, या महिन्यापासून कुणी आजारी पडलं तर वर्षाला सात दिवस रजा मिळेल, आणि त्या सात दिवसांचा पगार कापणार नाही. डॉक्टरचा कागद तेवढा आणायचा.

नऊच्या नऊ बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी बायजीने विचारलं, "आणि कुणी पडलंच नाही आजारी, तर?"

"तर देव भलं करो," असं म्हणून मुकेशभाई आत गेले.

कारखाना फुग्यांचा. गंजाडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, चिकूच्या वाडीला लागून पत्र्याची लांब शेड आहे. केरळहून पिंपांतून रबराचा चीक येतो. त्यात रंग कालवतात, साचे बुडवून काढतात आणि साच्यावरचा थर पुरता सुकायच्या आत फुग्याच्या तोंडाची कड अंगठ्याने वळतात. मोठ्या कारखान्यांत हे काम मशीन करतं. मुकेशभाईंकडे ते तुळशी करायची. चौदा वर्षं, खिडकीजवळच्या त्याच लाकडी स्टुलावर बसून.

तुळशीचं माहेर तलासरीकडचं, उधव्याच्या पुढचं. तिचा बाप म्हणायचा, या पोरीला एक उत्तर दिलं की ते दोन प्रश्न विते. लग्नानंतर सासू तेच म्हणाली, फक्त जरा कडू शब्दांत. चौथीत शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. दिवाळीत घराघरांतून वाटतात ती जाहिरातींची पत्रकं वाचून काढायची, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर कुणाकडून तरी वाचून घ्यायची, आणि फुगे कुठे जातात हे विचारून विचारून तिने मुकेशभाईंना एकदा इतकं पिडलं होतं की त्यांनी शेवटी नकाशाच आणून दाखवला.

तर आता तिला एकच कोडं पडलं. हे भाई पगार का देणार?

भाई वाईट माणूस नव्हते. पण आजवर कारखान्यात आजारपण नावाची वस्तूच नव्हती. कुणाला ताप आला, कुणाचं पोर फणफणलं, कुणी बाळंत झाली, तर त्या दिवशी तिच्या घरातली दुसरी बाई तिच्या स्टुलावर येऊन बसायची. नणंद, जाऊ, बहीण, मोठी झालेली मुलगी, कोणीही. हिला बदली म्हणायचे. बदली आली की ती हजेरीत मूळ बाईचंच नाव लिहायची आणि त्या दिवसाची मजुरीही तीच घ्यायची. जागा मात्र घरातच राहायची. ही रीत कुणी लावली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की स्टूल एक दिवस रिकामं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसऱ्या पाड्याची बाई बसलेली दिसते. फाटकाशी काम विचारायला आठवड्यातून दोघी-तिघी यायच्याच.

तुळशीची बदली म्हणजे तिची धाकटी जाऊ बुधी. बुधीला अक्षरओळख नव्हती. पण तुळशीने तिला आपलं नाव गिरवून गिरवून शिकवलं होतं. त्यामुळे बुधीला लिहिता यायचं ते एकच नाव, आणि तेही स्वतःचं नव्हे.

हजेरीत नावं नऊच असायची. दहावं मुकेशभाई कधी घालायचे नाहीत. दहावं नाव आलं की मागून कायदे येतात, असं त्यांना वडलांनी सांगितलेलं. नऊ नावांमागे खऱ्या बायका सोळा-सतरा होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तुळशीला हे कोडं सोडवायची घाई होती, कारण तिचा उजवा अंगठा. वर्षभर तो सकाळी वाकलेला राहायचा आणि डाव्या हाताने ओढून सरळ करावा लागायचा. सरळ होताना टक्‌ असा आवाज व्हायचा, तो तिचा नवरा लडक्या याला दाराबाहेरून ऐकू यायचा. डहाणूच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लहानसा छेद द्यावा लागेल, पण दहा दिवस हात पाण्यात घालायचा नाही आणि कामही करायचं नाही. उशीर केलात तर अंगठा आहे तसाच अडकून बसेल. कड वळायला अंगठाच लागतो. अंगठा गेला तर जागा गेली. दहा दिवस घरी बसलं तर मजुरी बुधीच्या घरात जाणार, आणि बुधीच्या हाताला सफाई आली की भाई म्हणणार, हीच बरी. वर्षभर तुळशी या दोन्हींच्या मध्ये अडकून होती, अंगठ्यासारखीच.

दुपारी डबे सोडल्यावर ती ऑफिसच्या खोलीत गेली. तिथे मुकेशभाईंची सून दक्षा कॉम्प्युटरसमोर बसायची. वापीची, बी.कॉम. झालेली, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली.

"भाभी, एक विचारू?"

"एकच विचारायचं, तुळशीबेन."

"भाई रजेचा पगार का देणार?"

दक्षाने इकडेतिकडे पाहिलं. "पप्पांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. जो मालक आजारपणाची पगारी रजा देईल, त्याला सरकार टॅक्समध्ये सूट देतं. आता दीपेशभाई येतील ना, आमचे सीए, त्यांना सगळे कागद दाखवायचे."

तुळशी खाली बसली. हे नवीनच होतं. "टॅक्स म्हणजे भाई सरकारला देतात तो?"

"हो. नफा झाला की त्यातला काही हिस्सा."

"आणि मी आजारी पडले तर तो हिस्सा कमी?"

"तसं म्हणा."

"म्हणजे दुखणार माझा अंगठा, आणि हलकं होणार भाईंचं ओझं?"

दक्षा हसायला लागली. "पण तुम्हाला पगार मिळेल ना घरबसल्या!"

"ते खरं. पण मग सरकारने सरळ अंगठ्यालाच का नाही द्यावं? मधे भाई कशाला?"

"कारण सरकारला तुमचा अंगठा कुठे माहितीये? पप्पांचा टॅक्स माहितीये."

हे उत्तर तुळशीला पटलं. उत्तर पटलं की तिला भूक लागायची. बाहेर येऊन तिने उरलेली भाकर खाल्ली आणि बायजीला सगळं सांगितलं.

त्यानंतर पंधरा दिवस मुकेशभाई शेडमधून फिरताना प्रत्येकीच्या तब्येतीची चौकशी करू लागले. "हाल कसे, बेन? खोकला वाटतो जरासा?" बायकांनी खोकणंच बंद केलं. बायजी म्हणाली, "माझ्या नवऱ्याने पस्तीस वर्षांत इतकं विचारलं नाही. याची दृष्ट लागून खरंच काहीतरी होईल." एकीला ताप आला, तिने गुपचूप मुलीला बदली पाठवलं. दुसरीची कंबर धरली, तिची बहीण आली. सात दिवसांच्या रजेला कुणी हात लावेना. ज्या घरात आजारी माणूस उन्हात बसलेलं दिसलं की लोक विचारतात "आज काम नाही वाटतं?", तिथे आजारी पडून पगार घ्यायचा म्हणजे चोरीच वाटायची.

"अरे, कोणीतरी आजारी पडा ना!" एक दिवस मुकेशभाई न राहवून म्हणाले. "फाईल कोरी आहे."

तुळशी स्टुलावरून उठली. "मी पडते, भाई."

शनिवारी छेद झाला. तुळशीने डॉक्टरचा कागद दक्षाकडे पोचवला. दक्षाने रजेचा अर्ज लिहिला, तुळशीने डाव्या हाताने कशीबशी सही केली, अर्ज नव्या फाईलमध्ये गेला. आणि त्याच शनिवारी सकाळी बुधी नेहमीप्रमाणे भाड्याच्या इको गाडीत बसून कारखान्यात गेली, स्टुलावर बसली आणि हजेरीत लिहून आली, 'तुळशी'.

तिला तुळशीनेच पाठवलं होतं. तुळशीच्या मते रजा माणसाची असते आणि बदली जागेची. माणूस रजेवर गेलं म्हणून जागा कुठे रजेवर जाते? मुकेशभाईंनी बुधीला रविवारची सुट्टी सोडून चार दिवस त्या स्टुलावर पाहिलं आणि त्यांनाही काही वेगळं वाटलं नाही, इतकी वर्षं ते असंच पाहत आले होते.

बुधवारी तुळशी पट्टी बदलायला डहाणूला गेली होती. परत येताना तिच्याने राहवेना. पगारी रजेवरच्या बाईचं कारखान्यात काय चालतं ते बघावं म्हणून ती कारखान्यापाशी उतरली. ऑफिसात दीपेशभाई आलेले. टेबलावर एकीकडे हजेरी, दुसरीकडे फाईल.

"ही बाई शनिवारपासून दवाखान्याच्या कागदावर आहे," ते म्हणत होते, "आणि शनिवारपासून रोज कामावरपण आहे. मुकेशभाई, ही आहे तरी कुठे?"

"ही काय, दारात," दक्षा म्हणाली.

सगळ्यांनी तुळशीच्या पट्टीकडे पाहिलं. मग खिडकीतून स्टुलावरच्या बुधीकडे. मुकेशभाईंच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला.

"ते जाऊ द्या," ते म्हणाले, "सुधारून घेऊ. सूट किती बसते ते बोला."

"कसली सूट?"

मुकेशभाईंनी मोबाईल पुढे केला. दीपेशभाईंनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला. "भाई, हा अमेरिकेचा आहे. तिकडे आहे अशी सवलत. आपल्याकडे आजारपणाच्या रजेसाठी अशी वेगळी सूट नाही."

तुळशीने दिवस मोजले. सात दिवसांतले तीन अजून बाकी होते, आणि टाके निघायचे होते.

"तर मग रजापण नाही," मुकेशभाई म्हणाले. "उद्यापासून ये कामावर, नाहीतर बुधीच बसू दे. पगार एकीचा."

तुळशीला रडू यायला हवं होतं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "दीपेशभाई, मी कामावर असते तेव्हा माझा पगार कशात धरता?"

दीपेशभाई चमकले. "खर्चात. नफ्यातून वजा होतो."

"आणि आजारी असताना दिला तर?"

"तोही खर्चातच."

"म्हणजे टॅक्स लागायच्या आधी दोन्ही वजा?"

"हो..."

"मग थोडी सूट आहेच की."

दीपेशभाई हसले. "तशी म्हणाल तर आहे. नवीन नाही, पण आहे." मग मुकेशभाईंकडे वळून म्हणाले, "आणि भाई, तुम्हाला आजारपणाचा बोजा खरंच नको असेल, तर दहावं नाव लिहा. दहा माणसं झाली की विमा लागू होतो. तुम्ही थोडं भरायचं, बायांनी त्याहून थोडं. मग कोणी आजारी पडलं तर पगाराचा मोठा हिस्सा तिकडून येतो. ज्याला तुम्ही इतकी वर्षं भिताय, तेच तुम्ही अमेरिकेत शोधत होतात."

"आत्ताच्या अंगठ्याला चालेल ते?" तुळशीने विचारलं.

"नाही बाई. आधी काही महिने भरावं लागतं."

"दहावं नाव नाही," मुकेशभाई म्हणाले. पण आवाज उतरला होता. ओट्यावर नऊ जणींसमोर बोललेला शब्द त्यांना आठवला असावा, कारण जरा वेळाने ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठीक छे. चार दिवस बुधीने काम केलं, तिला मजुरी. तुझे सात दिवस मी बोललो ते बोललो. पण उद्यापासून बुधी नाही यायची. एका स्टुलाचे दोन पगार मी देणार नाही. रजा म्हणजे रजा. स्टूल रिकामं."

घरी जाताना बुधी इकोत घुसमटून बसली होती. "बाय, तीन दिवस रिकामं? प्रजासत्ताक दिनाची ऑर्डर आहे, तिरंगी फुगे. फाटकाशी सायवनची एक बाई रोज येऊन उभी राहते. मी जाते उद्या. पैसे नको देऊ देत."

"नको जाऊस."

"जागा गेली तर?"

"गेली तर कळेल."

"काय कळेल?"

"रजा खरी होती का ते."

बुधीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं पट्टी अंगठ्याला नसून डोक्याला बांधली असावी.

गुरुवार उजाडला. पाड्यावर बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या दोघी मुद्दाम कोंबडी शोधायच्या निमित्ताने अंगणात येऊन गेल्या. "पगार चालू आहे म्हणे?" "चालू आहे." "आणि तू बसलीस?" "बसलेय." एकीने तर तुळशीचा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, जणू पगार पट्टीखालून निघत होता. लडक्या भांडी घासायला घेऊन घरामागे जायचा, कुणी दिसलं की हातातला तवा कुंपणापलीकडे ठेवून विडी शोधायचा. तुळशी हे सगळं मजेने बघत होती. पण दर तासाला तिला खिडकीजवळचं स्टूल दिसायचं. आता साचे सुकत आले असतील, आता कड वळायची वेळ झाली, आता कोण वळणार?

शुक्रवारी बायजी घरी जाताना वाटेत डोकावली. ती अंगणाबाहेरूनच ओरडली, "सायवनची बाई आज फाटकातून आत आली होती गे!"

"बसली?"

"मी माझ्या कामात. ऑफिसात गेली एवढं पाहिलं. नंतर मला पॅकिंगला पाठवलं."

त्या संध्याकाळी लडक्या म्हणाला, "तुला काय जरूर होती ग बघायची?" स्वतःच्या खोडीचा तिला पहिल्यांदाच राग आला. शनिवारी ती दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन परत आली. इको आली, थांबली, ती चढली नाही. सातवा दिवस होता. सात म्हणजे सात.

सोमवारी सकाळी दवाखान्यात टाके निघाले. अंगठा पांढरा, सुरकुतलेला, परक्या माणसाचा असावा तसा. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वाकवा, जपून काम करा. तिने वाकवला. आवाज झाला नाही. सरळ केला. सरळ झाला. तिने तिथेच पाच-सहा वेळा करून पाहिलं, तेव्हा नर्स म्हणाली, "पुरे, बाहेर रांग आहे."

कारखान्यात ती उशिराच पोचली. शेडच्या दारात चपला काढताना तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. स्टुलावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. पदर कमरेला खोचलेला, केसांत फुग्यांना लावायची पावडर. तुळशी तिथेच थांबली. सायवनची बाई अशी जाड नव्हती.

बाईने वळून पाहिलं. दक्षा.

"आलात!" दक्षा इतक्या जोरात ओरडली की बायजीच्या हातून पाकीट पडलं. "या, या, बसा. माझी सुटका करा."

"भाभी, तुम्ही?"

"मग कोण? पप्पा म्हणाले, त्या सायवनच्या बेनला घेतलं तर दहावं नाव होतं, नाव न लिहिता घेतलं तर दीपेशभाई ओरडतील, आणि तुळशीची जागा तर मी शब्द देऊन ठेवलीये. ऑर्डर तर जायला हवी. तर म्हणाले, घरातलं कोणीतरी बसा. सासूबाईंचे गुडघे. मग मीच."

तुळशीने ट्रेमधला एक फुगा उचलला. कड एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने नुसती सुरळी. शेजारच्या ट्रेमध्ये असे शेकडो. तिला हसू आवरेना. "तुमच्या घरून बदली आली तर!"

"हसू नका. शुक्रवारची दुपार, अख्खा शनिवार आणि आजची सकाळ." दक्षाने आपला उजवा अंगठा धरला. "हे बघा, इथे, मुळाशी ठणकतंय. तुमचं असंच सुरू झालं होतं का?"

"असंच. मग सकाळी अडकतो."

दक्षाचा चेहरा पडला. तेवढ्यात मुकेशभाई आले. त्यांनी तुळशीच्या अंगठ्याकडे पाहिलं, सुनेच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि ट्रेमधले फुगे पाहायचं टाळलं.

"पप्पा, मी सांगून ठेवते," दक्षा म्हणाली, "पुढच्या वेळी कोणी आजारी पडलं तर मी बसणार नाही. दीपेशभाईंना फोन करा."

मुकेशभाईंनी बराच वेळ कान खाजवला. "बुधीला उद्या पाठव," ते तुळशीला म्हणाले. "आधार कार्ड घेऊन. आणि बँकेचं पुस्तक."

"बदली म्हणून?"

"बदली कशाची? नवीन स्टूल लावू." एवढं बोलून ते झटक्यात निघून गेले, जसं आणखी उभं राहिलं तर तुळशी काही विचारेल.

ती विचारणारच होती. विम्याचं ते थोडं म्हणजे नेमकं किती, आणि बुधीही कामाला लागली तर घरात आजारी पडलेल्याकडे बघायला मागे कोण राहणार. पण साचे रांगेने समोर येऊन उभे होते, त्यांच्यावरचा केशरी थर सुकत चालला होता. तुळशीने स्टूल खिडकीकडे थोडं सरकवलं, अंगठा फुग्याच्या तोंडाशी टेकवला आणि अगदी हळू, नव्या कामाला बसलेल्या बाईसारखी, पहिली कड वळायला घेतली.